आई-वडिलांना न सांगता पचमढीला न्यायचे आहे : रेल्वेची तिकिटे कशी काढावीत?

गोदाकाठ

नमस्कार. माझे आई-वडील नाशिकला राहतात आणि येत्या हिवाळ्यात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. आईचे माहेर अमरावती जिल्ह्यातील. तिचे वडील महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवाच्या यात्रेला जात आणि चौरागडावर त्रिशूळ वाहून परत येत. आईला मात्र लहानपणी आणि नंतर संसारातही तिथे जाण्याचा योग आला नाही. तिने हे कधी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, पण विषय निघाला की ती गप्प होते, हे आम्ही भावंडांनी अनेकदा पाहिले आहे. म्हणून दोघांना तिथे न्यायचे आम्ही ठरवले असून पचमढीसाठी जिथे उतरतात त्या पिपरिया स्टेशनवर उतरेपर्यंत त्यांना त्याची कल्पना येऊ नये, अशी आमची इच्छा आहे.

मी आणि माझी पत्नी ठाण्याला राहतो, तर धाकटी बहीण अमरावतीला असते. मुंबईहून इटारसीमार्गे जबलपूरकडे जाणारी, रात्री उशिरा नाशिकरोडला येणारी आणि पिपरियाला थांबणारी गाडी घ्यायची, आम्ही दोघांनी कल्याणला चढायचे, आई-वडिलांनी नाशिकरोडला आमच्या डब्यात यायचे आणि बहिणीने भुसावळला चढून सकाळी त्यांच्यासमोर उभे राहायचे, असा बेत आहे. जबलपूर आणि भेडाघाट पाहायला जाऊ, असे आई-वडिलांना सांगितले आहे.

अडचण वडिलांची आहे. ते प्रवासाआधी तिकीट स्वतः पाहतात, पीएनआर (आरक्षणाचा क्रमांक) तपासतात, स्थानके व वेळा वहीत लिहून काढतात आणि गाडीत बसल्यावर ती वही उघडून प्रत्येक थांबा पडताळतात. तिकिटावर पिपरिया दिसले की सगळे उघड होईल. पिपरियाच्या तिकिटाऐवजी जबलपूरचे तिकीट काढून मध्येच उतरलो तर चालते का? तीन ठिकाणी चढणाऱ्या पाच जणांचे आरक्षण एकाच डब्यात कसे मिळवावे? खोटे तिकीट, खोटे नाव किंवा नियमाबाहेरचे काहीही करायचे नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

जंक्शन

आपला बेत मनापासून आवडला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ज्या अंतराचे भाडे भरले आहे त्यापेक्षा कमी अंतर जाऊन उतरण्यास रेल्वेची हरकत नसते. उरलेल्या अंतराचे पैसे परत मिळतील, असे मात्र धरू नका. लांबच्या प्रवासाच्या भाड्याचा दर किलोमीटरमागे उतरत जातो, आणि आरक्षण शुल्क किंवा सुपरफास्ट अधिभार वर्गानुसार ठरलेला असतो, तो अंतरावर अवलंबून नसतो. त्यामुळे पिपरिया आणि जबलपूर यांच्या भाड्यात वाटतो तेवढा फरक पडणार नाही. जबलपूरचे तिकीट हे पूर्ण खरे तिकीट आहे आणि ते वडिलांच्या हातात निर्धास्तपणे देता येईल.

रानवारा

एक शंका मांडते. पिपरियानंतर गाडरवारा, नरसिंहपूर अशी मोठी गावे लागतात. तुम्ही पाच जण उतरल्यावर तुमचे पाच बर्थ जबलपूरपर्यंत रिकामे जाणार, आणि त्याच डब्यात एखादे कुटुंब वेटिंगचे तिकीट घेऊन ताटकळत असू शकते. आपल्या आनंदासाठी दुसऱ्याची जागा अडवणे मला पटत नाही. यावर काही मार्ग आहे का?

खिडकीपलीकडे

मी नोकरीचा बराच काळ आरक्षण खिडकीच्या आतल्या बाजूला बसून काढला आहे. गोदाकाठ यांनी विचारलेल्या गोष्टी वरवर लहान दिसल्या तरी त्यांत कुटुंबे हमखास अडकतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी मूळ मुद्दा. गुपित आई-वडिलांपासून ठेवायचे आहे, रेल्वेपासून नव्हे. प्रवाशाचे नाव, वय, ओळखपत्र आणि तो नेमका कोठे चढणार आहे, या चार गोष्टी रेल्वेला तंतोतंत खऱ्या माहीत असल्या पाहिजेत. एवढे पाळले की बाकीच्या बाबतीत नियम तुम्हाला बरीच मोकळीक देतात. बेत फसतो तो बहुतेक वेळा या चारपैकी चौथी गोष्ट गृहीत धरल्यामुळे.

पाच जणांचे एकच तिकीट काढण्याचा मोह होईल, कारण एका पीएनआरवर सहा प्रवासी बसतात. तसे करू नका. बोर्डिंग स्टेशन, म्हणजे चढण्याचे स्थानक, हे संपूर्ण पीएनआरचे असते, त्यातल्या एकेका प्रवाशाचे वेगळे ठेवता येत नाही. सर्वांचे तिकीट कल्याणहून काढले आणि आई-वडील नाशिकरोडला चढले, तर कागदोपत्री ते कल्याणला आलेच नाहीत असा अर्थ होतो. तिकीट तपासनिसाच्या हातातील यंत्रावर अनुपस्थित प्रवाशाची नोंद होते आणि त्याचा बर्थ आरएसीवरील, म्हणजे बसण्याची जागा मिळून बर्थची वाट पाहणाऱ्या, प्रवाशाला देण्याचा त्याला अधिकार असतो. तपासनीस समजूतदार असेल आणि तुम्ही कल्याणलाच त्याला सांगितले, तर तो थांबेलही. परंतु सत्तरीच्या पुढच्या माणसांचा रात्रीचा प्रवास कुणाच्या समजूतदारपणावर सोडू नये. भुसावळला चढणाऱ्या बहिणीच्या बाबतीत तर हा धोका आणखी मोठा, कारण तिचा बर्थ अर्धी रात्र रिकामा दिसणार.

म्हणून तीन स्वतंत्र पीएनआर करा. तुमचा आणि पत्नीचा एक, आई-वडिलांचा दुसरा, बहिणीचा तिसरा. आता प्रत्येक तिकिटावर सुरुवातीचे स्थानक कोणते लिहायचे, हा प्रश्न येतो. आई-वडिलांसाठी नाशिकरोडहून सरळ आरक्षण कन्फर्म मिळत असेल तर तेच घ्या. परंतु गाडी जिथून सुटते तिथून शेवटच्या स्थानकाकडे जाणाऱ्या सर्वसाधारण कोट्यात जागा सर्वाधिक असतात, मधल्या स्थानकांच्या वाट्याला कमी येतात, आणि मधल्या कोट्यातील वेटिंग पुढे सरकण्याची शक्यताही कमी असते. अशा वेळी मुंबई ते जबलपूर असे तिकीट काढून त्यावर बोर्डिंग स्टेशन नाशिकरोड ठेवता येते. भाडे मुंबईपासूनचे भरावे लागते, त्यामुळे यात कुणाची फसवणूक नाही. बहिणीसाठी भुसावळ बोर्डिंग ठेवूनही हेच करता येईल.

बोर्डिंग स्टेशन तिकीट काढताना प्रवाशांची माहिती भरण्याच्या पानावरच निवडा. नंतर बदलण्याची सोय आहे, पण तिला वेळेची मर्यादा आहे आणि ती एकदाच वापरता येते, शिवाय ‘विकल्प’ ही दुसऱ्या गाडीत जागा देणारी योजना निवडलेल्या तिकिटाला ती मिळत नाही. सुरुवातीलाच योग्य स्थानक नोंदवले की यातल्या कशाचीच चिंता उरत नाही. आणि एकदा नाशिकरोड नोंदवले की त्याआधी चढण्याचा हक्क संपतो. आई-वडील काही कारणाने आदल्या दिवशी ठाण्याला आले आणि तुमच्याबरोबर कल्याणला चढले, तर त्या मधल्या अंतरासाठी दंडासह भाडे भरावे लागेल.

तारखेबद्दल विशेष सावध राहा. तिकिटाची तारीख ही ज्या स्थानकापासून तिकीट काढले तिथून गाडी सुटण्याची असते. मुंबईहून रात्री सुटणारी गाडी नाशिकरोडला मध्यरात्र उलटून येत असेल, तर मुंबईच्या दहा तारखेच्या तिकिटावर नाशिकरोडला चढायची तारीख अकरा असते. याउलट तिकीट थेट नाशिकरोडहून काढायचे झाल्यास अकरा तारीखच निवडावी लागते. तीन पीएनआर तीन स्थानकांवरून काढताना एकाची तारीख चुकली, तर ते तिकीट वेगळ्याच दिवसाच्या गाडीचे निघते, आणि खिडकीवर अशी तिकिटे घेऊन आलेली माणसे मी फार पाहिली आहेत. पैसे भरण्याआधी तिन्ही तिकिटांवर चढण्याची तारीख मोठ्याने वाचा.

रानवारा यांची शंका अगदी योग्य आहे. तिचे उत्तर इतकेच की गाडीत तपासनीस आला की त्याला बाजूला घेऊन सांगावे, आम्ही पाच जण पिपरियाला उतरणार आहोत. मग पिपरियानंतर ते बर्थ तो पुढच्या प्रवाशांना देऊ शकतो. त्याच वेळी, आई-वडिलांसमोर पिपरियाचे नाव घेऊ नका, अशी विनंतीही करता येईल. कारण सांगितले तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

रानवारा

धन्यवाद. तपासनिसाला आधीच सांगायचे असेल तर माझा आक्षेप उरत नाही.

वऱ्हाडी_माती

आमच्याकडे नागपंचमीला नागद्वारच्या यात्रेला आणि महाशिवरात्रीला चौरागडला विदर्भातून गावेच्या गावे जातात. आपल्या आईचे गप्प होणे मला समजू शकते, कारण ज्या घरातून त्रिशूळ जातो त्या घरातल्या प्रत्येकाची कधीतरी तिथे जाण्याची ओढ असते.

पण मला काळजी वेगळी आहे. आपण आई-वडिलांना जबलपूर सांगितले आहे आणि नेणार पचमढीला. वय झालेल्या माणसाला आनंदाच्या क्षणीही, आपल्याला खोटे सांगितले गेले, असे वाटू शकते. देवाच्या दर्शनाची सुरुवात त्या भावनेने होऊ नये. पचमढीहून पुढे जबलपूरला नेणे शक्य असेल तर न्या. मग आपण जे सांगितले ते खरेच राहील, फक्त त्याआधीची एक गोष्ट सांगितली नव्हती, एवढेच होईल.

दुसरे असे, की चौरागडाला तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आईला त्या झेपणार नसतील तर जटाशंकर आणि मोठा महादेव येथे दर्शन होऊ शकते. त्रिशूळ वाहायचा असेल तर तो आपण किंवा आपल्या बहिणीने वर न्यावा. यात्रेच्या दिवसांत जाऊ नका, गर्दीत म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. हिवाळा उत्तम, पण पचमढीला जबलपूरपेक्षा बरीच जास्त थंडी असते, तेव्हा स्वेटर-शाल घ्यायला कारण काय सांगायचे ते ठरवून ठेवा.

गोदाकाठ

वऱ्हाडी_माती, आपण फार मोलाची गोष्ट सांगितली. आम्ही जबलपूर हा केवळ बहाणा धरला होता. तीन दिवस पचमढी आणि मग दोन दिवस जबलपूर असे करता येईल. भेडाघाट पाहण्याची वडिलांना खरोखर इच्छा आहे, त्यामुळे त्यांचेही मन मोडणार नाही. उबदार कपड्यांसाठी रात्रीच्या एसी डब्यातील गारव्याचे कारण पुरेल, कारण तोही खराच असतो.

यामुळे एक नवा प्रश्न निर्माण झाला. मुंबई–जबलपूर तिकिटावर पिपरियाला उतरून तीन दिवसांनी त्याच तिकिटावर पुढे जाता येते का? मध्ये प्रवास खंडित करण्याची काही सवलत असते, असे पुसटसे ऐकले आहे.

जंक्शन

ती सवलत आहे, पण येथे उपयोगाची नाही. पाचशे किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर, किमान पाचशे किलोमीटर प्रवास झाल्यानंतर मध्ये उतरून थांबता येते. पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस वगळून दोनच दिवस थांबता येते आणि उतरल्यावर स्टेशन मास्तरकडून तिकिटावर नोंद करून घ्यावी लागते. आपल्याला मध्ये तीन दिवस हवेत असतील तर मर्यादा तिथेच ओलांडली जाते. शिवाय पुढच्या गाडीतील बर्थ राखीव राहत नाही, तो वेगळा मिळवावा लागतो. पिपरिया ते जबलपूर हे अंतर दिवसा काही तासांत कापले जाते. त्यासाठी वेगळे तिकीट काढून ते स्वतःजवळ ठेवावे, ते कुणाला दाखवण्याची गरजच नाही.

आपल्या नव्या बेताचा आणखी एक लाभ आहे. परतीचे तिकीट आता जबलपूर ते नाशिकरोड असेच निघेल. म्हणजे वडिलांना जायचे आणि यायचे दोन्ही तिकीट दाखवता येईल, आणि दोन्हींवर छापलेले एकेक अक्षर खरे असेल.

र्‍हाईनकाठ

मी जर्मनीत राहतो, त्यामुळे भारतीय रेल्वेचे बारकावे मला ठाऊक नाहीत. मात्र आई-वडील येथे आले असताना त्यांना न सांगता एका गावी नेले होते, तेव्हा तिकिटाच्या प्रकाराचा विचार करावा लागला. इथल्या रेल्वेची स्वस्त, आधी काढलेली तिकिटे ठरावीक गाडीला बांधलेली असतात, ती गाडी चुकली की तिकीट वाया जाते. महाग असलेल्या लवचीक तिकिटावर मात्र त्या दिवसाची त्या मार्गावरील कोणतीही गाडी चालते. याशिवाय मे २०२३ पासून देशभराचे एक मासिक तिकीट मिळते. ते कोणत्याही प्रादेशिक गाडीत चालते आणि त्यावर कोठून कोठे हे लिहिलेलेच नसते. गुपित ठेवायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. भारतात लांबच्या आरक्षित प्रवासाला असे मोकळे तिकीट नसल्यामुळे, खिडकीपलीकडे यांनी सांगितलेला बोर्डिंग स्टेशनचा मार्ग हाच त्याला सर्वांत जवळचा वाटतो.

सांजवेळ

नियमांविषयी वर सर्व आलेच आहे. मी फक्त फोनविषयी लिहिते, कारण आमच्या घरी आत्याच्या साठीचा असाच बेत तिकिटामुळे फुटला नाही, फोनमुळे फुटला.

तिकीट काढताना जो मोबाइल क्रमांक भरतो त्यावर गाडी, तारीख, स्थानके, नावे आणि बर्थ यांचा संदेश जातो. चार्ट तयार झाल्यावर पुन्हा संदेश येतो. बहिणीचे तिकीट काढताना सवयीने वडिलांचा क्रमांक भरला गेला तर तिचे नाव त्यांच्यापर्यंत पोहोचलेच म्हणून समजा. तिन्ही पीएनआरवर एकच, आपलाच क्रमांक द्या. ईमेल मात्र ज्याच्या नावाने खाते आहे त्याच्या पत्त्यावर जाते, म्हणून तिकिटे आपल्या स्वतःच्या खात्यातून काढा, वडिलांच्या खात्यातून नको. काढलेल्या तिकिटांची यादी खात्यात दिसत राहते, आणि वडिलांना ती पाहण्याची सवय असेल तर पिपरिया ते जबलपूर हे छोटे तिकीटही तिथे दिसेल.

पैसे कोणत्या बँक खात्यातून जातात तेही पाहा. खाते वडिलांबरोबर जोड असेल तर रक्कम गेल्याचा संदेश त्यांनाही येतो, आणि पाच माणसांचे भाडे चार माणसांच्या हिशेबात बसत नाही, हे आपले वर्णन ऐकता त्यांच्या लगेच लक्षात येईल.

खिडकीवरचे छापील तिकीट या बाबतीत गैरसोयीचे ठरते. तो कागद प्रवासात जवळ असावाच लागतो आणि हरवला तर त्रास होतो. ई-तिकिटाला फोनवरचा संदेश आणि मूळ ओळखपत्र पुरते. आई-वडिलांचा पीएनआर वेगळा असल्यामुळे त्यांच्यापैकी एकाचे मूळ ओळखपत्र बरोबर असणे आवश्यक आहे, ते विसरू नका.

खिडकीपलीकडे

सांजवेळ यांनी लिहिलेले सर्व पटले. आणखी काही बाबी राहिल्या होत्या.

तीन पीएनआर एकाच डब्यात आणण्यासाठी आधी आई-वडिलांचे तिकीट काढा. वय साठ किंवा त्याहून जास्त असलेले पुरुष आणि पंचेचाळीस वा जास्त वयाच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थची वेगळी तरतूद आहे. एकटा किंवा दोघे प्रवासी असलेल्या पीएनआरला तिचा लाभ होतो, मोठ्या गटाला होत नाही. वेगळ्या पीएनआरचा हा आणखी एक फायदा. त्यांचा डबा कळला की उरलेल्या दोन तिकिटांवर पसंतीचा डबा या रकान्यात तोच क्रमांक भरा. जागा असेल तर तो डबा मिळतो, हमी नसते. आणि श्रेणीवाढीला संमती असल्याची खूण तिन्ही ठिकाणी काढून टाका, कारण एका पीएनआरला वरचा वर्ग मिळाला की पाच जण दोन डब्यांत विभागले जातील. विकल्पची खूणही करू नका. वेटिंग राहिल्यास ती योजना दुसऱ्याच गाडीत जागा देऊ शकते, आणि ती गाडी पिपरियाला थांबेलच असे नाही.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून एकशेवीसऐवजी साठ दिवस आधी उघडते, प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. सकाळी आठला ते सुरू होते. सुरुवातीच्या वेळेत आधार पडताळणी झालेल्या खात्यातूनच आरक्षण करता येते, तेव्हा आपल्या खात्याची पडताळणी आठवडाभर आधीच करून ठेवा. तत्काळवर विसंबू नका. त्यातील कन्फर्म तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत, आणि वृद्धांच्या बाबतीत तब्येतीमुळे बेत पुढे ढकलावा लागण्याची शक्यता नेहमीच असते.

हे ढकलणेही समजून घ्या. ई-तिकीट रद्द करून नवे काढावे लागते आणि रद्द करायला जितका उशीर तितकी कपात जास्त. आई-वडिलांपैकी कुणाची तब्येत कुरबुरत असेल तर वाट पाहत बसू नका, निर्णय लवकर घ्या. तसेच कुणी एक येऊ शकत नसेल तर त्याच्या जागी घरातले दुसरे माणूस पाठवता येते. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती, पत्नी एवढ्याच नात्यांत, किमान चोवीस तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज आणि नात्याचा पुरावा देऊन, आणि एकदाच. उदाहरणार्थ आपल्या पत्नीला रजा मिळाली नाही, तर तिच्या जागी आपली मुलगी येऊ शकत नाही असे नव्हे, पण तिच्या मैत्रिणीला मात्र पाठवता येणार नाही.

आणि कृपया देखाव्यासाठी दुसरे तिकीट काढू नका. काही जण खरे तिकीट लपवतात आणि दाखवण्यापुरते वेगळ्या गावाचे काढून शेवटी रद्द करतात. त्यात पैसे जातात हे सोडाच, एखाद्या गरजूचा कन्फर्म होऊ शकणारा बर्थ तितके दिवस अडून राहतो. आपल्याला त्याची गरजही नाही, कारण आपले दाखवायचे तिकीट आणि प्रवासाचे तिकीट एकच आहे.

रानवारा

वडिलांच्या वहीचे काय? ते थांबे पडताळत असतील तर गाडी पिपरियाला थांबणार हे त्यांना ठाऊकच असेल. तिथे सामान काढायला लागल्यावर ते विचारतील. खिडकीपलीकडे यांना विचारते, गाडी किती वेळ थांबते?

खिडकीपलीकडे

मधल्या स्थानकांवर थांबा दोन-तीन मिनिटांचाच धरावा. पाच माणसे, सामान आणि दोन वृद्ध इतक्या वेळात समजूत घालून उतरवणे शक्य नाही. इटारसीला गाडी जास्त वेळ थांबते, आणि तिथून पिपरिया साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. माझा सल्ला असा की इटारसी सुटली की त्यांना सांगून टाका. चपला, औषधे, चष्मा, सामान सगळे शांतपणे आवरता येईल. धावपळीत पाय घसरण्याचा धोका पत्करण्याइतके कोणतेही गुपित मोठे नाही.

वऱ्हाडी_माती

याला माझे पूर्ण अनुमोदन. इटारसीनंतर सांगितले तर सातपुड्याच्या बाजूने गाडी जात असताना आईला तासभर मनाची तयारी करता येईल. देवदर्शनाला जायचे म्हणजे वडीलधाऱ्यांना स्नान, उपवास, ओटीचे सामान असे बरेच काही सुचते. ओटी आणि पूजेचे सामान बहिणीने अमरावतीहूनच आणावे. आजोबा ज्या गावातून त्रिशूळ नेत असत तिथून तो घडवून आणता आला तर आईला त्याचे मोल वेगळेच वाटेल.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आता ठरलेला बेत असा. आई-वडिलांचे तिकीट मुंबई–जबलपूर, बोर्डिंग नाशिकरोड, दोन्ही खालचे बर्थ मिळवण्याचा प्रयत्न. आमचे दोघांचे मुंबई–जबलपूर, बोर्डिंग कल्याण. बहिणीचे मुंबई–जबलपूर, बोर्डिंग भुसावळ. सर्वांवर माझा मोबाइल क्रमांक. तपासनिसाला कल्याणनंतर लगेच सांगणे, इटारसी सुटल्यावर आई-वडिलांना सांगणे. तीन दिवसांनी पिपरिया–जबलपूर वेगळे तिकीट, आणि परतीचे जबलपूरहून. त्रिशुळाची कल्पना आम्हा दोघा भावंडांना इतकी भिडली की बहिणीने आजोबांच्या गावी चौकशीला सुरुवातही केली आहे.

एकच प्रश्न उरतो. बहीण अमरावतीहून बडनेरामार्गे दुसऱ्या गाडीने भुसावळला येणार आहे. ती गाडी उशिरा आली आणि आमची निघून गेली, तर तिचे तिकीट वाया जाईल का?

जंक्शन

१ एप्रिल २०१९ पासून दोन जोडप्रवासाची तिकिटे एकमेकांशी जोडण्याची सोय आहे. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द शुल्क न कापता परत मिळतात. त्यासाठी दोन्ही तिकिटांवर प्रवाशाची माहिती सारखीच असावी लागते आणि पहिले तिकीट जिथे संपते तिथेच दुसरे सुरू व्हावे लागते. म्हणून बहिणीसाठी मुंबई–जबलपूर, बोर्डिंग भुसावळ असे काढण्याऐवजी थेट भुसावळ–जबलपूर कन्फर्म मिळते का ते आधी पाहा. स्थानके सरळ जुळली की जोडताना वाद उद्भवत नाही, आणि भाडेही कमी लागते.

खिडकीपलीकडे

बरोबर. पण पैसे परत मिळाले तरी बहीण भुसावळलाच राहील, आणि त्रिशूळ तिच्याजवळ असेल. म्हणून तिने लागोपाठची गाडी न धरता आदल्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी भुसावळला पोहोचावे. कन्फर्म तिकीट असल्यास स्टेशनवरील विश्रामकक्ष आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून पीएनआर टाकून आरक्षित करता येतो. तो मिळतो का, हे तिकीट हाती येताच बघून ठेवा.